बाळंतपणात बाळाला इजा झाली, तर निष्काळजीपणा कधी म्हणायचा?

उलटतपासणी (धागाकर्ता)

दुसऱ्या धाग्यावर चर्चा भरकटत होती म्हणून हा विषय वेगळा काढतोय. तिथे दोन तट पडले होते. एक म्हणत होता, बाळाला काही झालं म्हणजे डॉक्टरचीच चूक. दुसरा म्हणत होता, बाळंतपण आहे, होतं असं कधीकधी. निकालाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं निरुपयोगी आहेत.

कायद्याची चौकट बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: उपचाराची जबाबदारी होती, त्या जबाबदारीत कसूर झाली, त्या कसुरीमुळेच इजा झाली आणि इजा खरोखर आहे. पहिली आणि चौथी सहसा वादाची नसते. दुसरीवर सगळे भांडतात आणि दावे पडतात ते तिसरीवर.

कसूर मोजण्याची जुनी पट्टी म्हणजे इंग्लंडमधली १९५७ ची बोलम कसोटी. त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला जे योग्य वाटलं असतं ते केलं असेल, तर दुसऱ्या गटाचं मत वेगळं आहे एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात हीच कसोटी मान्य केली आणि फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार ढोबळ असायला हवा असंही सांगितलं. बोलम कसोटीला इंग्लंडमध्येच १९९७ च्या बोलिथो निकालाने लगाम घातला होता: चार तज्ज्ञ ‘आम्हीही असंच करतो’ म्हणाले तरी त्या पद्धतीला तर्काचा आधार हवा, नसेल तर न्यायालय ते मत बाजूला ठेवू शकतं.

आणि तिसऱ्या मुद्द्याचं उदाहरण म्हणून विल्शर खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ, नळी धमनीऐवजी शिरेत गेली, त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसला आणि बाळाला जास्त ऑक्सिजन दिला गेला. नजर गेली. चूक झाली हे उघड होतं. पण अशा बाळाची नजर जाण्याची पाच संभाव्य कारणं होती आणि जास्तीचा ऑक्सिजन हे त्यातलं एक. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की पाचातलं हेच कारण होतं हे सिद्ध झालेलं नाही, पुन्हा सुनावणी घ्या. चूक सापडली की अर्धी लढाई जिंकली असं समजणाऱ्यांनी हा खटला आधी वाचावा.

डॉक्टर मंडळींनी आता वैद्यकीय बाजू लिहावी. नेमकं लिहा ही विनंती, ‘योग्य ती काळजी’ वगैरे नको.

सूतिकागृह

नेमकं हवंय तर सीटीजीपासून (बाळाचे ठोके आणि आईच्या कळा कागदाच्या पट्टीवर उमटवणारं मशीन) सुरू करते, कारण मेंदूच्या इजेच्या बहुतेक दाव्यांत तीच पट्टी टेबलावर असते.

नॉर्मल काय ते आधी. ठोक्यांची पायारेषा मिनिटाला ११० ते १६०. चढउतार ५ ते २५ ठोक्यांचा. ठोके मधूनमधून १५ ने वाढून निदान १५ सेकंद टिकणं, ही बाळ ठीक असल्याची खूण. कळेबरोबर पडून कळेबरोबरच सावरणारी घसरण बहुधा डोकं दाबलं गेल्यामुळे असते, तिची फार भीती नको. काळजी वाटावी ती उशिरा येणाऱ्या घसरणीची, म्हणजे कळ शिखरावर जाऊन ओसरू लागली आणि ठोके तेव्हा तळाला गेले. वारेतून पुरेसा ऑक्सिजन येत नसल्याचं ते लक्षण. त्यासोबत चढउतार ५ च्या खाली ५० मिनिटांहून जास्त राहिला, तर ती पट्टी ‘बघू थोडा वेळ’ या सदरात बसत नाही.

ठोके एकदम ८० वर येऊन बसले तर हिशोब मिनिटांचा. ३ मिनिटं झाली की हाक मारायची, कळांचं सलाईन बंद, बाई डाव्या कुशीवर, रक्तदाब बघायचा, आतून तपासून नाळ खाली आली आहे का ते पाहायचं. ९ मिनिटांतही ठोके सावरले नाहीत तर बाळ बाहेर काढण्याच्या मार्गाला लागलेलं असायला हवं.

पण ‘पट्टी वाईट होती’ हे पुरेसं नाही. वाईट पट्टीची बरीच बाळं जन्मताच खणखणीत रडतात. सीटीजी खोटी धोक्याची घंटा भरपूर वाजवतं. म्हणून प्रश्न असा विचारायचा: अमुक वाजता पट्टीवर जे दिसत होतं, ते पाहून सक्षम माणसाने काय केलं असतं? आणि ते केलं असतं तर बाळ किती वाजता बाहेर आलं असतं?

एक बारीक गोष्ट, जी वकिलांच्या हमखास नजरेतून सुटते. पट्टीचा वेग. काही देशांत कागद मिनिटाला १ सेंमी सरकतो, काही ठिकाणी ३ सेंमी. तेच ठोके ३ सेंमीच्या पट्टीवर ताणले जातात आणि १ सेंमीची सवय असलेल्या डोळ्याला चढउतार कमी, सपाट वाटतो. तज्ज्ञाला पट्टी पाठवताना वेग कोणता हे कडेला छापलेलं असतं ते आधी पाहा. छायाप्रत करताना कड कापली गेली असेल तर ती प्रत परत मागवा.

लेबररूम_सिस्टर

सूतिकागृह ताईंच्या मुद्द्याला जोड. ठोके बाळाचेच आहेत ना, हे तपासलं होतं का? जोर देण्याच्या टप्प्यात पट्टा सरकतो आणि मशीन आईची नाडी पकडतं. आईची नाडी तेव्हा बऱ्याचदा १२० च्या पुढे असते, म्हणजे बाळाच्या ठोक्यांसारखीच. ओळखायची खूण: प्रत्येक कळेला ठोके *वाढताना* दिसतात. शेवटच्या टप्प्यात बाळाचे ठोके कळेला वाढत जाणं संशयास्पद, तिथे बहुतेक आईच दिसत असते. उपाय साधा आहे. आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि दोन्ही आकडे एकाच वेळी लिहायचे. न लिहिलेलं असेल तर ‘पट्टी शेवटपर्यंत छान होती आणि बाळ निपचित जन्मलं’ या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं.

आणि मशीन नसेल म्हणून सुटका नाही. कानाने ठोके ऐकायचे तर कळ संपल्यावर पूर्ण एक मिनिट, पहिल्या टप्प्यात दर १५ मिनिटांनी, जोर देताना दर ५ मिनिटांनी. तासाला एकदा ‘एफएचएस १४०’ (एफएचएस म्हणजे बाळाचे ठोके) असं चार ओळींत सारख्याच अक्षरात, सारख्याच शाईत दिसलं की त्या चार नोंदी एकाच बैठकीत झाल्या आहेत हे कोणीही सांगेल.

शंकेखोर

वाचतोय. एक प्रश्न: अ‍ॅपगार (जन्मताच बाळाच्या स्थितीला देतात ते दहापैकी गुण) पहिल्या मिनिटाला २ होता, नंतर ७ झाला. एवढ्यावर ‘गुदमरलं’ म्हणता येतं का? बरेच लोक डिस्चार्ज कार्डावरचा तो आकडाच घेऊन बसतात.

रात्रपाळी

नाही. पहिल्या मिनिटाचा अ‍ॅपगार हा ‘आता काय करायचं’ यासाठी असतो, ‘काय झालं होतं’ यासाठी नसतो. आईला दिलेली भूल, अपुरे दिवस, जंतुसंसर्ग, कशानेही तो खाली जातो. ५ आणि १० मिनिटांना ५ च्या खाली असेल तर त्याला वजन आहे. १० मिनिटांना ७ झालेल्या बाळाच्या मेंदूला प्रसूतीत गुदमरून मोठी इजा झाली असं म्हणायला दुसरा भक्कम पुरावा लागेल.

तो पुरावा म्हणजे नाळेच्या रक्ताची तपासणी. नाळेच्या *धमनीतला* पीएच (आकडा कमी म्हणजे रक्त जास्त आम्लधर्मी) ७.० च्या खाली आणि आम्लारीची (बेसची) तूट १२ किंवा जास्त असेल, तर जन्माच्या आसपास ऑक्सिजन कमी पडल्याचं म्हणायला आधार मिळतो. ७.१ आला तर आईवडिलांना तो भयंकर वाटतो, पण बहुतेक अशी बाळं काहीही न होता घरी जातात.

इथे तांत्रिक घोळ खूप. नाळेला दोन्ही बाजूंनी चिमटे लावून तुकडा वेगळा ठेवला तर तासभर नमुना टिकतो, तेव्हा ‘गडबडीत राहिलं’ हे कारण फारसं पटण्यासारखं नसतं. धमनी बारीक असते, शीर जाड. घाईत दोन्ही नमुने शिरेतूनच घेतले जातात. दोन्ही पीएचमधला फरक ०.०२ पेक्षा कमी असेल तर ते एकाच रक्तवाहिनीतले आहेत असा संशय घ्यावा. शिरेतलं रक्त वारेतून आलेलं असतं, म्हणून ते धमनीपेक्षा बरं दिसतं. नाळ दाबली गेली असेल तर फरक आणखी मोठा. म्हणजे फक्त शिरेचा ७.२५ दाखवून ‘बाळ ठीक होतं’ म्हणणं चुकीचं.

पुढची कडी म्हणजे बाळाचं वागणं. प्रसूतीत मेंदूला इजा झालेलं बाळ दुसऱ्या दिवशी अचानक बिघडत नाही, पहिल्या काही तासांतच सुस्त असतं, दूध ओढत नाही, स्नायू ढिले, झटके. १९७६ पासून सार्नाटच्या तीन पायऱ्यांत हे मोजतात. मधल्या किंवा तिसऱ्या पायरीचं, ३६ आठवड्यांच्या पुढचं बाळ असेल तर शरीर थंड ठेवण्याचा उपचार ६ तासांच्या आत सुरू व्हायला हवा: ३३ ते ३४ अंश, ७२ तास, मग तासाला अर्धा अंश या गतीने गरम. हा निष्काळजीपणाचा वेगळा, स्वतंत्र मुद्दा होऊ शकतो. प्रसूतीत कोणाचीच चूक नाही, पण बाळाची पायरी कोणी पाहिलीच नाही आणि ८ व्या तासाला दुसरीकडे पाठवलं, असं घडतं.

एमआरआयमध्ये इजेचा नमुना काळाबद्दल बोलतो. ऑक्सिजन एकदम, जवळजवळ पूर्ण तुटला असेल (नाळ खाली सटकणं, पिशवी म्हणजे गर्भाशय फाटणं, वार सुटणं) तर इजा मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लिया आणि थॅलॅमसमध्ये. हळूहळू, तासन् तास कमी पडला असेल तर दोन रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरच्या पट्ट्यात. पहिल्या प्रकारात सुदृढ बाळ साधारण १० मिनिटं सोसतं आणि त्यापुढे दर मिनिटाला नुकसान वाढतं, असं धरून तज्ज्ञ उलटा हिशोब मांडतात.

आणि हे मात्र ठासून लिहितो: सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर कायमचा होणारा परिणाम) म्हणजे प्रसूतीतला गोंधळ, हे समीकरण बरोबर नाही. लिटल नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने १८६१ मध्ये अवघड प्रसूतीशी नातं जोडलं आणि ते लोकांच्या डोक्यात इतकं बसलं की १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने (होय, तोच) अवघड प्रसूती हे कधीकधी आधीच्या बिघाडाचं लक्षण असू शकतं म्हटलं तरी कोणी मनावर घेतलं नाही. आज माहीत आहे की बहुतेक मुलांत कारण प्रसूतीच्या आधीचं असतं: अपुरे दिवस, गर्भातला जंतुसंसर्ग, मेंदूची घडण, जनुकं, गर्भातच झालेला पक्षाघात.

शंकेखोर

म्हणजे एमआरआयमध्ये मेंदूची घडणच वेगळी दिसली तर दावा संपला?

रात्रपाळी

त्या कारणापुरता बहुधा हो. आणि ते वेळेत कळलेलं बरं, वर्षानुवर्षं चुकीच्या माणसावर राग धरण्यापेक्षा.

हातखंडा

मेंदूवर बरंच झालं, खांद्यावर कोणी बोलत नाही म्हणून. डोकं बाहेर आलं आणि पुढचा खांदा आईच्या जघनास्थीमागे (ओटीपोटाच्या खालच्या टोकाचं हाड) अडकला की मानेजवळच्या नसांचं जाळं ताणलं जातं. वरच्या मुळांना (मानेची पाचवी, सहावी) इजा झाली तर हात अंगालगत, आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागे. बोटं मात्र हलतात. खालच्या मुळांना झाली तर पकड जाते. त्याच बाजूची पापणी लोंबकळत असेल, बाहुली बारीक असेल तर मूळ मणक्यापासूनच तुटल्याची शंका घ्यायची. श्वास लागत असेल तर श्वासपटलाची नसही बघायची.

बहुतेक बाळांचा हात सुधारतो. महिन्याच्या शेवटी पूर्ण सुधारलेला नसेल तर अशा नसांचं काम करणाऱ्या केंद्राकडे पाठवायचं. ३ महिन्यांत बाळ कोपर स्वतः उचलून वाकवत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करायला हवा. ‘मालिश करा, होईल’ म्हणत वर्ष घालवणं ही वेगळी कसूर आहे, प्रसूती करणाऱ्याची नव्हे, नंतर पाहणाऱ्याची.

गळ्याजवळचं हाड मोडणं मात्र यात धरू नका. खांदा सोडवताना ते मोडतं, दोनतीन आठवड्यांत जुळतं आणि कधीकधी खांदा सोडवण्यासाठी ती किंमत रास्तच असते.

सूतिकागृह

खांदा अडकणं हे आधी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून ‘अडकलाच कसा’ हा प्रश्न कसुरीचा नाही. ‘अडकल्यावर काय केलं’ हा आहे. क्रम ठरलेला आहे: मदतीची हाक, आईचे गुडघे पोटाशी घट्ट, जघनास्थीच्या वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने तळहाताचा दाब, मग आत हात घालून खांदा तिरका फिरवणं किंवा मागचा हात आधी काढणं, किंवा आईला हातागुडघ्यांवर करणं. ठळक चुका दोन. पिशवीच्या वरच्या टोकाला, पोटावर दाब देणं. त्याने खांदा आणखी रुततो. आणि डोकं खाली किंवा आडवं ओढणं.

पण हातखंडा, नसा ताणल्या म्हणजे कोणीतरी ओढलंच, असं नसतं. कळांच्या जोरानेही ताण येतो. इजा *मागच्या* खांद्याला असेल तर डॉक्टरच्या ओढण्याने झाली हे म्हणणं अवघड, कारण अडकला होता पुढचा.

हातखंडा

मान्य, आणि म्हणूनच पुढचा खांदा कोणता होता, डावा की उजवा, हे लिहिलेलं असणं लाख मोलाचं. दहातल्या किती नोंदींत ते असतं ते तुम्हीच सांगा.

सूतिकागृह

:) त्यावर मौन. खांद्याच्या नोंदीत डोकं किती वाजता, धड किती वाजता, कोणता खांदा पुढे, कोणती युक्ती कोणत्या क्रमाने, किती वेळ, कोण कोण हजर, एवढं हवं. ‘खांदा थोडा घट्ट होता, प्रसूती झाली’ हे वाक्य डॉक्टरच्या बाजूने कधीच जात नाही, मग त्याने सगळं बरोबर केलेलं असो.

लेबररूम_सिस्टर

कळांच्या औषधावर लिहायचं राहिलं. माझ्या मते खरोखरच टाळता येण्यासारख्या इजा इथे सर्वांत जास्त.

ऑक्सिटोसिन मिनिटाला १ ते २ मिलियुनिटांनी सुरू, दर ३० मिनिटांनी वाढ, १० मिनिटांत ३–४ चांगल्या कळा आल्या की वाढवणं बंद. १० मिनिटांत ५ हून जास्त कळा म्हणजे जास्तच झाल्या. दोन कळांच्या मध्ये वारेत रक्त भरतं. ती फटच बुजली तर बाळ श्वास रोखून धावल्यासारखं थकत जातं. औषध अंगातून लवकर उतरतं, म्हणून ठोके बिघडले की पहिली कृती सलाईनचं चाक बंद करणं. ठोके पडताहेत आणि थेंब वाढवल्याची नोंद त्याच पानावर आहे, याचा बचाव करणं कठीण असतं.

पंप नसेल तर हिशोब थेंबांचा. ५०० मिलीत ५ युनिट, २० थेंबांना १ मिली असलेला सेट: मिनिटाला ४ थेंब म्हणजे २ मिलियुनिट. त्याच बाटलीत १० युनिट टाकले तर तेच ४ थेंब दुप्पट डोस. म्हणून नोंदीत नुसतं ‘८ थेंब’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थच लागत नाही. बाटलीत किती युनिट आणि सेट कोणता, दोन्ही हवं.

मिसोप्रोस्टॉलचं आणखी एक. कळा सुरू करायला २५ मायक्रोग्रॅम लागतात, हाताशी बऱ्याचदा गोळी २०० ची. ब्लेडने आठ तुकडे केले की कोणता तुकडा १५ चा आणि कोणता ४० चा हे कोणालाच माहीत नसतं. शेवटच्या तुकड्यानंतर निदान ४ तास, कळा सुरू करायचं दुसरं औषध (डायनोप्रोस्टोन) जेल असेल तर ६ तास, ऑक्सिटोसिन लावायचं नाही. आधी सीझर झालेल्या बाईला मिसोप्रोस्टॉल दिलं असेल आणि पिशवी फाटली, तर तिथे वादाला फार जागा नाही.

रात्रपाळी

व्हॅक्यूमबद्दल (बाळाच्या डोक्याला कप चिकटवून ओढणं) एक. कप मागच्या टाळूच्या ३ सेंमी पुढे, मधल्या रेषेवर बसायला हवा. साधारण ३ ओढी, दोनदा कप सुटला किंवा २० मिनिटं झाली तर थांबायचं. प्रत्येक ओढीला डोकं खाली यायला हवं. येत नसेल आणि मग चिमटाही (फोर्सेप्स) लावला, तर धोका एकदम चढतो.

डोक्यावरची सूज तीन प्रकारची, आणि यातली एक जीव घेते. साधी सूज मऊ, कवटीच्या हाडांमधल्या शिवणी ओलांडते, दोन दिवसांत जाते. हाडाच्या आवरणाखालचं रक्त शिवणीपाशी थांबते. तिसरी डोक्याच्या कातडीखालच्या पडद्याच्या खाली पसरते, शिवणी ओलांडते, कानापर्यंत, मानेपर्यंत जाते, बोटाखाली पाण्याची पिशवी डोलल्यासारखी लागते. त्या पोकळीत २५० मिलीच्या आसपास रक्त मावतं. ३ किलोच्या बाळाच्या अंगात *एकूण* रक्तच तेवढं असतं. डोक्याचा घेर १ सेंमी वाढला म्हणजे साधारण ४० मिली आत गेलं असं धरतात. म्हणून व्हॅक्यूमनंतर पहिले काही तास डोक्याचा घेर, नाडी आणि रंग पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. सूज येणं ही कसूर नसेलही. सूज वाढतेय, बाळ पांढरं पडतंय आणि टेपने घेर कोणी मोजलाच नाही, ही आहे.

उलटतपासणी

उत्तम. आता माझ्या बाजूचं.

व्हॅक्यूम-चिमट्यावर १९८१ चा व्हाइटहाउस विरुद्ध जॉर्डन निकाल आहे. चिमट्याने पाचसहा वेळा ओढून मग सीझर, मेंदूला इजा. डॉक्टर सुटला, पण तिथलं महत्त्वाचं वाक्य वेगळं आहे: ‘निर्णयातली चूक’ असं नाव दिल्याने काहीच ठरत नाही. निर्णयातली चूक निष्काळजीपणाची असू शकते किंवा नसूही शकते. सक्षम डॉक्टरने ती केली असती का, एवढंच विचारायचं.

‘डॉक्टर शिकाऊ होता’ हाही बचाव नाही. विल्शरमध्येच अपील न्यायालयाने सांगितलं की माणूस ज्या जागेवर काम करतोय त्या जागेचा दर्जा लागू. मात्र तिथे कनिष्ठ डॉक्टर सुटला, कारण त्याने वरिष्ठाला नळी तपासायला सांगितलं होतं. हाक मारली होती का आणि किती वाजता, हे म्हणूनच पाहतात.

मग संमती. २०१५ चा माँटगोमेरी निकाल. मधुमेही, लहान चणीची आई, बाळ मोठं. खांदा अडकण्याची शक्यता अशा आईत ९ ते १० टक्के. डॉक्टरने सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बायका सीझर मागतात. डोकं आल्यापासून बाळ बाहेर यायला १२ मिनिटं लागली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की डॉक्टर काय सांगतात ही कसोटी नाही. त्या जागी असलेल्या बाईला कोणता धोका महत्त्वाचा वाटला असता, ही कसोटी. म्हणजे प्रसूती निर्दोष झाली तरी आधीच्या न बोललेल्या वाक्यावर दावा उभा राहू शकतो. फक्त, ‘सांगितलं असतं तर मी सीझर निवडलं असतं’ हे पटवावं लागतं.

शंकेखोर

‘निर्णयापासून ३० मिनिटांत सीझर’ हा नियम आहे ना? ३५ लागली तर कसूर?

सूतिकागृह

तातडीच्या सर्वांत वरच्या गटासाठी ३० मिनिटं, त्याखालच्यासाठी ७५. पण ही रुग्णालयाचं काम तपासण्याची पट्टी आहे. नाळ खाली सटकलेली असेल तर ३० मिनिटंही जास्त, आणि कधी भूल सुरक्षित देण्यासाठी ३५ लागणं योग्य. शिवाय खरा वेळ बहुधा निर्णयानंतर जात नाही, निर्णयाआधी जातो. २ वाजता दिसलेलं ३ वाजता ठरवलं आणि मग २२ मिनिटांत बाळ काढलं, कागदावर चोख.

उलटतपासणी

हेच. म्हणून कामाला सुरुवात एका तक्त्याने करा. डावीकडे वेळ, मग काय दिसत होतं, काय केलं, कोणी केलं, नोंद कुठून घेतली. तीन घड्याळं असतात: सीटीजी मशीनचं, भिंतीवरचं, सिस्टरच्या मनगटावरचं. ती कधीच जुळत नाहीत. पट्टीवर ‘आतून तपासलं’ अशी खूण असेल आणि केसपेपरवर तीच तपासणी ७ मिनिटं पुढे असेल, तर दोन्हींतला फरक काढून सगळा तक्ता सरकवावा लागतो. ७ मिनिटं म्हणजे कधीकधी अख्खा खटला.

मागायचे कागद: प्रसूतीपूर्व तपासण्यांचं कार्ड, सोनोग्राफी, पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकली त्याचा आलेख), सीटीजीची *अखंड* पट्टी, औषधांचा तक्ता, संमतीपत्रं, भूलतज्ज्ञाची नोंद, शस्त्रक्रियेची नोंद, नाळेच्या रक्ताची मशीनमधून आलेली मूळ चिठ्ठी (नुसता लिहिलेला आकडा नको), बाळाला श्वास देतानाची नोंद, नवजात कक्षाचे रोजचे कागद, एमआरआयच्या *चित्रफाइली* (नुसता अहवाल नको), वारेचा पॅथॉलॉजी अहवाल. नोंदी संगणकावर असतील तर कोणती नोंद कधी टाकली, कधी बदलली याचा माग. नंतर लिहिणं हा गुन्हा नाही. ‘ही नोंद नंतर, अमुक वाजता केली’ असं न लिहिता मागच्या वेळेत घुसवणं मात्र सगळी विश्वासार्हता घालवतं.

तज्ज्ञ दोन वेगळ्या कामांसाठी. कसुरीसाठी प्रसूतितज्ज्ञ, कारणासाठी नवजाततज्ज्ञ आणि मुलांच्या मेंदूचे एमआरआय वाचणारा. आणि प्रसूतितज्ज्ञाला पट्टी देताना बाळाचं पुढे काय झालं ते आधी सांगू नका. निकाल माहीत असलेल्या डोळ्याला प्रत्येक घसरण भयानक दिसते. समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात तेच काढतो.

मुदतीबद्दल: प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, मुलांसाठी ती काही ठिकाणी सज्ञान झाल्यापासून मोजतात. पण त्या भरवशावर राहू नका, कागद तेवढे दिवस थांबत नाहीत.

रात्रपाळी

अवांतर: कसूर सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या योजनाही आहेत. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघात-भरपाईत, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि फ्लोरिडा राज्यांत १९८० च्या दशकापासून, जपानमध्ये सेरेब्रल पाल्सीसाठी २००९ पासून. जपानमध्ये भरपाईसोबत प्रत्येक प्रकरणाचं कारण शोधून अहवाल निघतो, ते मला जास्त पटतं.

शंकेखोर

वारेचा अहवाल कशाला?

रात्रपाळी

वारेत जंतुसंसर्ग, जुने रक्ताच्या गाठींचे भाग, बाळाच्या शीचा हिरवा डाग किती खोल गेलाय, हे दिसतं. इजा प्रसूतीच्या तासांत झाली की आठवड्यांपूर्वी, याबद्दल तो दोन्ही बाजूंना मदत करतो. निपचित बाळ जन्मलं की वार फेकू नये, तपासणीला पाठवावी.

लेबररूम_सिस्टर

आणि सीटीजीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो. उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला की तीनचार वर्षांत कोरा. मूळ पट्टी मिळाली की त्याच दिवशी कड न कापता, घड्या उलगडून, पान क्रमांक घालून छायाप्रत काढा. पहिलं पान मशीन सुरू केल्याचं आहे ना, तेही बघा. मधल्या घडीत कागद बदलला असेल तर तिथे अर्ध्या तासाचा खड्डा असतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही.

उलटतपासणी

तो खड्डा दिसला तर बाकीचं ठेवून आधी त्या अर्ध्या तासात औषधांच्या तक्त्यावर काय लिहिलंय ते पाहा.